सहा लाखांचा संघ, नऊ लाखांची गावे

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६. तिन्हींची बेरीज नऊ लाख तेहेतीस हजारांवर जाते. त्यानंतर अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवर किती टॉवर उभे राहिले ते कर्जत लोकलच्या खिडकीतून कुणालाही दिसते, तेव्हा आजचा आकडा याहून बराच मोठा असणार. पण जुनाच आकडा धरून चालू. युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या काठी माँटेनेग्रो नावाचा देश आहे. २०२३ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६,२३,६३३ निघाली. म्हणजे अख्खा देश उचलून आपल्या या तीन गावांत आणून ठेवला, तरी तीन लाख माणसांची जागा उरेल. (क्षेत्रफळाचा हिशेब मात्र उलटा आहे. उल्हासनगर साधारण १३ चौरस किलोमीटरचे, माँटेनेग्रो १३,८१२ चौरस किलोमीटरचा.) या देशाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांत खेळला. १४० कोटींचा भारत आजवर एकाही विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही.

२०१९ साली माँटेनेग्रोची डाळ शिजली नाही, पण २०२३ मध्ये त्यांनी मेक्सिको आणि इजिप्तला हरवून दुसरी फेरी गाठली. १ सप्टेंबरला मनिलात त्यांची गाठ अमेरिकेशी पडली. मध्यंतराला फलकावर आकडे होते माँटेनेग्रो ३८, अमेरिका ३७. रिंगवर आपटून परतणाऱ्या चेंडूवर आधी झडप घालून तो मिळवणे, याला रिबाउंड म्हणतात. त्या हिशेबात माँटेनेग्रोने अमेरिकेला मागे टाकले होते. सेंटरच्या जागी खेळणाऱ्या निकोला वुचेविचने एकट्याने १६ रिबाउंड घेतले. अखेर ८५-७३ असा सामना अमेरिकेने जिंकला आणि माँटेनेग्रो स्पर्धेत अकरावा आला. दोनच दिवसांनी जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस लाखांच्या लिथुआनियाने त्याच अमेरिकन संघाला ११०-१०४ असे हरवले. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘एवढासा देश बघा, आणि आपण!’ या वाक्यात कौतुक असते, खंत असते, पण विचार नसतो. देशाची लोकसंख्या जेवढी मोठी तेवढा संघ बलवान, हे गृहीत त्यात दडलेले आहे, आणि ते मुळातच चुकीचे आहे. खेळाडू देश घडवत नाही, वस्ती घडवते. रोज संध्याकाळी उघडे असलेले कोर्ट, तिथे ठरलेल्या वेळी येणारा जाणता प्रशिक्षक, आणि त्या कोर्टावरून मुलाला वरच्या पायरीवर नेणारा क्लब, या तीन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरात असल्या की काही लाखांची वस्ती पुरते. त्या नसल्या तर कोटींचाही उपयोग नाही.

याचा सगळ्यांत भक्कम पुरावा माँटेनेग्रोच्या स्वातंत्र्याआधीच्या इतिहासात सापडतो. हा देश स्वतंत्र झाला २००६ साली. नव्या राष्ट्रीय संघाला युरोपातल्या खालच्या विभागापासून सुरुवात करावी लागली, आणि २०११ मध्ये तो पहिल्यांदा युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरला. पाच वर्षांत शून्यातून इथवर, असे म्हणावेसे वाटते, पण ते शून्य नव्हतेच. राजधानी पोदगोरित्सातला बुदुच्नोस्त हा क्लब १९४९ सालचा. त्याचे मोराचा क्रीडागृह १९७८ मध्ये बांधले गेले. १९९९, २००० आणि २००१ अशी सलग तीन वर्षे या क्लबने तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचे विजेतेपद मिळवले आणि २०१८ मध्ये बेलग्रेडच्या बलाढ्य रेड स्टारला हरवून एड्रियाटिक लीग जिंकली. देशाचा झेंडा वेगळा होण्याआधी अर्धे शतक कारखाना चालू होता. २००६ मध्ये मालावर शिक्का तेवढा बदलला. झार्को पास्पाल हे नाव बास्केटबॉलच्या जुन्या चाहत्यांना आठवत असेल. १९८८ आणि १९९६ च्या ऑलिंपिक रौप्यपदकांचा आणि १९९० च्या विश्वविजेतेपदाचा मानकरी असलेला हा खेळाडू प्लेवल्या या गावचा. प्लेवल्या म्हणजे कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विम्कोच्या काडेपेट्यांच्या कारखान्याभोवती वाढलेल्या अंबरनाथकराला असले गाव नकाशात न बघताही समजावे. दुश्को इवानोविच बियेलो पोल्ये या तसल्याच छोट्या गावातला. बुदुच्नोस्तकडून खेळून तो स्प्लिटच्या युगोप्लास्तिका संघात गेला आणि १९८९ व १९९० मध्ये युरोपचा क्लब विजेता ठरला. पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्याने मोठे नाव कमावले. ही माणसे घडली तेव्हा माँटेनेग्रो हा एका मोठ्या देशाचा कोपरा होता. ठाणे जिल्ह्यात बदलापूर आहे, तसाच.

युगोस्लाव्हियात हे कसे जमले, त्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बेलग्रेडपासून सुरू होते. रेड स्टार क्लबात खेळणाऱ्या चौघांनी, म्हणजे निकोलिच, स्तान्कोविच, पोपोविच आणि शापेर यांनी, खेळणे थांबवल्यावर खेळ उभा करण्याचे काम अंगावर घेतले. कुणी प्रशिक्षक झाला, कुणी संघटक. स्तान्कोविच तर १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचा सरचिटणीस झाला आणि पंचवीसहून अधिक वर्षे त्या पदावर राहिला. त्यांच्या व्यवस्थेत प्रशिक्षक हा शिकून करायचा पेशा होता. शाळेच्या आवारात उघड्यावरचे कोर्ट, क्लबात वयोगटांप्रमाणे संघ, आणि प्रत्येक गटाला वर्षभर पुरतील इतके सामने. चौदा वर्षांच्या मुलाने वर्षात किती स्पर्धा जिंकल्या याला तिथे फारशी किंमत नव्हती. तो किती सामने खेळला याला होती. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आंतरशालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेला संघ वर्षातून एक सामना खेळतो आणि पुढच्या वर्षापर्यंत घरी बसतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत निम्मे संघ पहिल्या फेरीत घरी जातात हे गणित आहे, आणि ज्यांना शिकण्याची जास्त गरज तेच आधी बाहेर पडतात ही त्या गणिताची शिक्षा.

वस्तीच्या या ताकदीचे उत्तम उदाहरण उल्हासनगरकरांच्या दारातच आहे; फक्त ते खेळाच्या नावाने ओळखले जात नाही. कॅम्प नंबर चार-पाचमधल्या जीन्सच्या धंद्याकडे पाहा. कापड कापणारा, शिवणारा, काजे-बटण करणारा, लेबल लावणारा, धुलाईवाला, दलाल, सगळे काही गल्ल्यांच्या अंतरात. नवा पोऱ्या एका कारखान्यात उभा राहिला की चार कारखान्यांची कामे नुसती पाहून शिकतो. (वालधुनीचे पाणी निळे करण्याचे पापही याच धंद्याने केले, ते वेगळे.) या धंद्यासाठी उल्हासनगरकरांची बोटे जन्मतः निराळी घडवलेली नव्हती. १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धंदा करू लागली. कसब दाटीत पसरते. पोदगोरित्सातही तेच झाले. तिथे शिवणयंत्राच्या जागी रिंग होती, एवढेच.

पण हे युरोपात चालते, आपल्याकडे नाही, असे कुणी म्हणेल. त्यासाठी मुंबईच्या नागपाड्यात जावे लागेल. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथल्या दाट, गरीब, कामगार वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे संचालक. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आलेली समाजकार्याची शाळा १९३६ मध्ये याच वास्तूत भरू लागली, म्हणून समाजशास्त्राचे अभ्यासक या जागेला मानतात. खेळाच्या इतिहासात तिचे स्थान तेवढेच मोठे आहे, पण ते लिहिले गेले कमी. नेबरहुड हाउस आणि जवळचे मस्तान वायएमसीए यांच्या कोर्टांवर मोहल्ल्यातली मुले बास्केटबॉल खेळू लागली. बच्चूखान यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे पिढ्यांना शिकवत राहिले. त्यांच्या नावाचे महापालिकेचे क्रीडांगण आज नागपाड्यात आहे. गुलाम अब्बास मुन्तसिर याच मोहल्ल्यातले. त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जिथे क्रिकेटचे मैदान मावणार नाही, अशा एका मोहल्ल्याने मुंबईला, महाराष्ट्राला आणि देशाला खेळाडूंमागून खेळाडू दिले. मुले खाटकांची, मेकॅनिकांची, छोट्या दुकानदारांची होती. वरच्या पायरीवर रेल्वेसारख्या संस्थांची नोकरी होती, त्यामुळे आईबाप मुलाला कोर्टावरून ओढून नेत नव्हते. कोर्ट, प्रशिक्षक, पायरी ही तिन्ही एका ठिकाणी होती. पायऱ्या बदलल्या आणि देशातल्या खेळाचे केंद्र पंजाब-तमिळनाडूकडे सरकले, तरी नागपाड्याने सिद्ध केलेली गोष्ट खोटी ठरत नाही.

आता आक्षेप. पहिला उंचीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिनारिक पर्वतरांगांतले पुरुष जगातल्या सर्वांत उंच पुरुषांत मोडतात आणि माँटेनेग्रो त्याच डोंगरांत वसलेला आहे. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. तिथे उंची कामाला येणारच. पण उंचीनेच सारे ठरत असते तर नेदरलँड्स बास्केटबॉलची महासत्ता व्हायला हवी होती. तिथले लोक तितकेच उंच, संख्येने पावणेदोन कोटी, शिवाय श्रीमंत. आणि २०२२ च्या युरोपीय स्पर्धेत डच संघ गटातले पाचही सामने हरला. उंच माणसे तिथे आहेत, पण ती फुटबॉल, हॉकी आणि व्हॉलीबॉलकडे जातात. उलट बाजूही पाहा. नऊ-दहा लाखांच्या वस्तीत साडेसहा फुटांवर जाणारी मुले जन्मतच नाहीत असे नाही. तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना हेरणारा डोळा नसतो. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग लुधियाना बास्केटबॉल अकादमीच्या नजरेस पडला, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या निवडीत डॅलस मॅव्हरिक्सने त्याला घेतले. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. अकादमी शंभर मैल लांब असती तर तो सात फुटांहून उंच शेतकरी म्हणून गावात प्रसिद्ध झाला असता. आणि सरासरी उंची कमी असूनही भारतीय संघाने २०१४ मध्ये वुहानला चीनचा त्यांच्याच घरात ६५-५८ असा पराभव केला होता, हेही विसरू नये. अर्थात एका विजयाने परंपरा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. माँटेनेग्रो देश आहे, उल्हासनगर गाव आहे. देशाला संघाच्या बारा जागा आयत्या मिळतात. उल्हासनगरच्या मुलाला त्याच बारा जागांसाठी १४० कोटींशी झगडावे लागते. हे खरेच आहे. त्यात भर म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमाने एक नागरिकत्व दिलेला परदेशी खेळाडू घेता येतो, आणि माँटेनेग्रोने ओमर कूकपासून केंड्रिक पेरीपर्यंत गार्डच्या जागी खेळणारे अमेरिकन आणून आपली दुबळी बाजू सावरली. वुचेविचही स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, बेल्जियममध्ये वाढलेला, कुमारवयात माँटेनेग्रोत आलेला आणि मग अमेरिकन विद्यापीठात गेलेला. हे मान्य करूनही आक्षेप टिकत नाही, कारण पास्पालला आयत्या बारा जागा नव्हत्या. दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, त्या काळी जगात अव्वल असलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघात त्याने जागा मिळवली. पोदगोरित्सात जन्मलेला निकोला मिरोतिच तर स्पेनकडून खेळला. म्हणजे वस्तीने खेळाडू दिले, त्यांनी अंगावर घातलेले रंग वेगवेगळे. राष्ट्रीय संघ हे झाडाचे फळ आहे. ते मोजायला सोपे पडते म्हणून आपण तेवढेच मोजतो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकने हा फरक फार निर्दयपणे दाखवला. बहिष्कारामुळे रिकाम्या झालेल्या जागांमुळे भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आणि आजवर शेवटचा ऑलिंपिकमध्ये खेळला, एकही सामना न जिंकता बाराव्या म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. त्याच स्पर्धेचे सुवर्णपदक युगोस्लाव्हियाने नेले.

पैशाचा आक्षेप थोडक्यात. माँटेनेग्रो आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, पण युरोपच्या मानाने साधाच. आणि नागपाडा तर श्रीमंत कधीच नव्हता.

उलट बाजूनेही एक सावधगिरी हवी. वस्ती कितीही छोटी चालते असे मी म्हणत नाही. चार लाखांहूनही कमी लोकवस्तीचा आइसलँड २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेला पात्र ठरला, हे अचंबित करणारेच आहे. पण तिन्ही वेळा तो एकही सामना न जिंकता परतला. संख्येला तळाची मर्यादा असते, ती बहुधा तिथेच कुठेतरी आहे. आपली तीन गावे त्या मर्यादेच्या दुपटीहून वर आहेत, आणि याच गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ‘आमचे गाव छोटे’ ही सबब उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला उपलब्ध नाही.

राहिला जागेचा प्रश्न, आणि उल्हासनगरात तो खरा आहे. एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे एकोणचाळीस हजार माणसे. बराकींमधल्या मोकळ्या जागा कधीच भरल्या. पण दाटीच्या गावासाठी बास्केटबॉलइतका सोयीचा सांघिक खेळ दुसरा शोधावा लागेल. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएत जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला, तोच मुळी हिवाळ्यात मुलांना बंद व्यायामशाळेत गुंतवण्यासाठी. पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. पूर्ण आकाराच्या एका क्रिकेट मैदानात असे तीस-पस्तीस कोर्ट सहज बसतात. तिघातिघांच्या खेळाला त्याहून कमी लागते: १५ गुणिले ११ मीटर आणि एकच रिंग. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू आणि एक राखीव, दहा मिनिटे किंवा एकवीस गुण, संपला सामना. हा प्रकार टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आला, आणि पुरुषांचे पहिले सुवर्ण जिंकले ते एकोणीस लाखांच्या लाटव्हियाने. २०२४ मध्ये पॅरिसला तेच पदक डचांनी, यजमान फ्रान्सला १८-१७ असे हरवून नेले. पूर्ण कोर्टावर मार खाणाऱ्या देशाला अर्ध्या कोर्टावर अव्वल होता आले.

कबड्डीप्रेमी विचारतील की मग बास्केटबॉलच का? काही अडलेले नाही. ठाणे-रायगडच्या गावागावांतल्या कबड्डी मंडळांनी हीच पद्धत फार आधी राबवली आहे: मंडळाचे अंगण, शिकवणारे जुने खेळाडू, जिल्हा निवड चाचणी, आणि वर पोलीस, रेल्वे किंवा बँकेची नोकरी. महाराष्ट्राला कबड्डीत जे यश मिळाले त्यात मंडळांचा वाटा कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा मोठा आहे. बास्केटबॉलला ती मंडळे मिळाली नाहीत; तो महागड्या शाळांच्या आवारात राहिला आणि सुटी झाली की फाटकाला कुलूप लागले. सोसायट्यांच्या जाहिरातीतही ‘बास्केटबॉल कोर्ट’ असते. प्रत्यक्षात गाड्या लावण्याच्या जागेत भिंतीला ठोकलेली एक रिंग. तिच्याखाली खेळणारी मुले आपापसांतच खेळतात. दुसऱ्या सोसायटीशी सामना नाही, शिकवणारा नाही. रिंग आहे, वस्ती नाही.

या तीन गावांची एक गोष्ट माँटेनेग्रोलाही हेवा वाटावा अशी आहे. प्लेवल्याहून पोदगोरित्सा गाठायला डोंगरातून तासन्‌तास लागतात. उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर दहा-अकरा किलोमीटर, लोकलने पंधरा-वीस मिनिटे. तिन्ही ठिकाणी मिळून वीस अर्धे कोर्ट आणि दर रविवारी साखळी पद्धतीने सामने, ही काही चंद्रावर जाण्याची योजना नव्हे. वीस अर्ध्या कोर्टांना लागणारी सारी जागा ३,३०० चौरस मीटर होते, एकरभराहून कमी. खर्चाचा मोठा भाग सिमेंटचा नसून माणसांचा आहे: प्रशिक्षकांचा वर्षभराचा पगार. नेमका तोच भाग आपल्या अंदाजपत्रकांत बसत नाही, कारण पगाराचे उद्घाटन करता येत नाही आणि त्यावर फलक लावता येत नाही. तेव्हा प्रभागातला उमेदवार क्रीडासंकुलाचे आश्वासन घेऊन दारात आला, तर त्याला संकुलाचे चित्र विचारू नका. तिथे शिकवायला कोण येणार, त्याला पगार कोण देणार आणि संध्याकाळी सातनंतर दिवे लागणार का, एवढे तीन प्रश्न विचारा.